अमेरिकेत ‘स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली’ असं आरोपी म्हणाला, तर ज्युरी नेमकं काय तपासते?
सरकारी पक्षाने आरोपीचा दावा वाजवी संशयापलीकडे खोडून काढला का, हेच ज्युरीला ठरवायचं असतं. दावा सिद्ध करायची जबाबदारी सहसा आरोपीवर नसते. न्यायाधीश ज्युरीला ज्या सूचना देतात, त्यात हे स्पष्ट सांगितलेलं असतं. खरा कस दोन प्रश्नांवर लागतो: त्या क्षणी आरोपीला जिवाची भीती खरंच वाटली का, आणि त्याच्या जागी कुणाही समंजस माणसाला ती वाटली असती का? धोका नंतर खोटा निघाला तरी चालतं, भीती मात्र वाजवी हवी. भांडण कुणी उकरलं, बळ गरजेपुरतंच वापरलं का, हेही बघतात. विस्कॉन्सिन राज्यात २०२० मध्ये निदर्शनांदरम्यान तिघांवर गोळ्या झाडणाऱ्या काइल रिटनहाउसच्या खटल्यात, त्यातल्या जखमी साक्षीदाराने उलटतपासणीत मान्य केलं की, त्याने स्वतःचं पिस्तूल रोखल्यावरच आरोपीने त्याच्यावर गोळी झाडली. माझ्या मते सरकारी बाजू तिथेच ढिली पडली. १९ नोव्हेंबर २०२१ ला ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. फक्त हे लक्षात घ्या की नियम राज्यागणिक बदलतात. ओहायोत तर २०१९ पर्यंत दावा सिद्ध करायचा भार आरोपीवरच होता.