गावच्या तलावावर हिवाळ्यात जंगली बदकं येतात, त्यांना व्हिटॅमिन कमी पडतात का, पाण्यात औषध किंवा पाव टाकावा का?

नका टाकू. तलावात शेवाळ, पाणवनस्पती, अळ्या, गोगलगायी आहेत ना, मग व्हिटॅमिन अ काय, ब काय, त्यांना सगळं तिथेच मिळतं, ती इतक्या लांबून त्यासाठीच तर येतात.

आमचं शेत भिगवणच्या बाजूला, उजनीच्या पाण्याला लागून. एका जानेवारीत थापट्या ह्या जंगली बदकाची मादी काठाच्या चिखलात पालथी पडलेली दिसली. पाय लुळे, मान चिखलावर टाकलेली, डोळ्यावर आतली पातळ पापणी अर्धी ओढलेली. चोच फावड्यासारखी आणि कडेला कंगव्यासारखे बारीक दाते, तेही चिखलाने भरलेले. घरी आणली. आमचे दाजी पोल्ट्रीवाले, बघताक्षणी म्हणाले व्हिटॅमिन कमी पडलंय, कोंबड्यांना असंच होतं, थेंब पाज. पाजले तर तिला गिळताच येईना, सगळं चोचीतून परत बाहेर. पहाटे गेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले ही लक्षणं बोट्युलिझमची वाटतात, म्हणजे सडक्या चिखलात, मेलेल्या पक्ष्यांत तयार होणारं विष, त्यावर व्हिटॅमिन काय करणार. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानात सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते ह्यानेच, त्यात थापटेही होते. पण दाजी अजून चारचौघांत सांगतात की ह्याने औषध उशिरा दिलं म्हणून पक्षी गेला.

म्हणून सांगतो, काठावर मेलेला पक्षी दिसला तर तो आधी उचलला गेला पाहिजे, त्याच्यातल्या अळ्या खाऊन बाकीचे मरतात. पाव आणि बोटीतून टाकतात ती शेव बंद करा, पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही, उरलेलं पाण्यात कुजतं ते वेगळंच. पावाने पंख वाकडे होतात असं ऐकलं असेल, ते वाढत्या पिल्लांचं, इथे येणारी बदकं पंख पूर्ण वाढवूनच आलेली असतात.

हां, घरी पाळलेल्या बदकांचं वेगळं. नुसत्या मक्यावर ठेवलेल्या पिल्लांना नायसिन, म्हणजे ब गटातलं एक व्हिटॅमिन, कमी पडतं, पाय वाकतात, तिथे औषध लागतंच, तेवढं दाजींचं बरोबर. आणि आजारी जंगली पक्षी माझ्यासारखा घरी नेऊ नका, हात न लावता वनविभागाला १९२६ वर फोन करा. सौम्य विषबाधा असेल तर स्वच्छ पाणी आणि सावली वेळेत मिळाली तरी काही पक्षी सावरतात, ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

कोंबडीला ब-१ कमी पडलं की मान मागे वळते, तोंड आभाळाकडे होतं. दाजी, तिची मान खाली होती.