दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात साधी हवा न भरता कार्बन डायऑक्साइडच का भरतात? आणि नंतर खांदा का दुखतो?

हा वायू पेट घेत नाही, म्हणून आत कॉटरी (विजेच्या उष्णतेने ऊती कापायचं, रक्तस्राव थांबवायचं उपकरण) वापरता येते. शिवाय रक्तात पटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. हवेतला नायट्रोजन तसा विरघळत नाही; चुकून शिरेत शिरला तर बुडबुडा अडकून जिवावर बेततं.

बेंबीपाशी व्हेरेस सुई (पोटात वायू भरायची खास सुई) घालून सुरुवातीला मिनिटाला साधारण १ लिटर वायू सोडतात. तेव्हाच दाब १० मिमी पाऱ्याच्या वर दिसला, तर सुईचं टोक बहुधा पोटाच्या भिंतीतच अडकलंय. तसंच पुढे रेटायचं नाही. पोट फुगल्यावर दाब १२ ते १५ वर राखतात. ताणामुळे नाडी एकदम मंदावली तर आधी वायू बाहेर सोडून द्यायचा, लागलंच तर ॲट्रोपिन हे नाडी वाढवणारं औषध.

खांद्यात बिघाड काहीच नसतो. पोटातल्या वायूमुळे दुखावतं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा), पण त्याची आणि खांद्याची नस मानेत जवळपास एकाच पातळीवरून निघते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत थांबतं.