व्हाउचर लिहिणारा मुलगा दिग्दर्शक होईल का?

वाईहून एका आईंनी लिहिलंय: ‘मुलगा बीकॉम झाला. वर्षभर मालिकेच्या शूटिंगला प्रॉडक्शन असिस्टंट आहे. म्हणतो, दिग्दर्शक होणार. त्याचे मामा म्हणतात, व्हाउचर लिहिणाऱ्याच्या हाती सिनेमा कोण देणार? निर्मितीकडून दिग्दर्शनाकडे कुणी जातं का?’

ताई, जातात. मात्र साजिद नाडियादवालांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू नका. वर्षानुवर्षं निर्मिती करून २०१४ मध्ये त्यांनी ‘किक’ दिग्दर्शित केला हे खरं, पण घराणंच निर्मात्यांचं आणि कंपनी स्वतःची. त्यांना संधी द्यायला दुसरं कुणी लागतच नव्हतं.

आपल्या कामाचं उदाहरण अमेरिकेतल्या अ‍ॅलन पाकुलांचं. नाटकाचं शिक्षण घेऊन ते वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून विभागात असिस्टंट म्हणून लागले. १९५७ मध्ये निर्माता म्हणून पहिला चित्रपट केला. दिग्दर्शक रॉबर्ट मलिगन यांच्याबरोबर त्यांनी एकूण सात चित्रपट केले, त्यात १९६२ चा ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ही आला. स्वतः दिग्दर्शन केलं ते थेट १९६९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. पुढे ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’साठी त्यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. मधली बारा वर्षं वाया गेली असं मला तरी वाटत नाही.

मामांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. प्रॉडक्शनमध्ये दोन तऱ्हेची कामं असतात. जेवण, गाड्या, पेटी कॅश, परवानग्या हे एक. त्यात हुशार माणूस लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघणारा प्रमुख, होतो, बरे पैसे मिळवतो आणि तिथेच रमतो. वाईट काहीच नाही त्यात. दुसरं काम पटकथेपासून एडिटपर्यंत दिग्दर्शकाच्या बरोबरीने बसायचं. दिग्दर्शनाकडे वाट जाते ती इथून.

पण पहिल्या कामातही शिकण्यासारखं पुष्कळ असतं. समजा मेणवलीच्या घाटावर सीन लावलाय आणि अकराला पाऊस कोसळला. जनरेटरचं भाडं चढतंय, ज्युनिअर आर्टिस्ट छत्र्यांखाली बसलेत, नायिका सहाला निघणार. आता घाटावरचा सीन वाड्यात घ्यायचा, की पॅकअप करायचं? त्या सीनमधलं काय गेलं तरी गोष्ट उभी राहते, हे ज्याला कळतं तोच याचं उत्तर देऊ शकतो. मुलाला विचारा, अशा वेळी त्याचं लक्ष नुसतं मीटरवर असतं की सीनवरही? उत्तर ‘मीटरवर’ असेल तर बोलणंच खुंटलं.

‘सीनवर’ असेल, तर त्याने प्रॉडक्शन सोडून दिग्दर्शनाच्या टीममध्ये चौथा-पाचवा असिस्टंट व्हावं. सुरुवातीला पैसे कमी मिळतील, किंवा मिळणारही नाहीत. घरी तेवढी सोय आहे का, हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या. शिकायचंच असेल तर पदवी हातात आहेच. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-टीव्ही शिक्षणसंस्थेत दिग्दर्शन-पटकथेचा अभ्यासक्रम आहे, कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत निर्मितीचाही आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते, तारखा आणि फी संस्थेच्या साइटवरच बघा. क्लासवाल्यांच्या जाहिरातींवर विसंबू नका.

दरम्यान मोबाइलवर दहा मिनिटांची एक शॉर्टफिल्म त्याला करू दे, एडिटही स्वतःच करायचं. मामांना जरूर दाखवा, पण अभिप्राय घ्यायचा तो मालिकेच्या एडिटरकडून.