जावानीज लिपी मुलांना खेळांतून शिकवता येते का?

इंडोनेशियातील योग्यकर्त्याच्या शाळेत मुलाला जावानीज लिपी आहे, घरी ती कोणालाच येत नाही, तेव्हा मोबाइलवरचे शैक्षणिक खेळ पुरेसे होतील का, असे आपण विचारले आहे. माझी मुलगी याच शहरात ही लिपी शिकली. मुळाक्षरांसाठी खेळ उत्तम आहेत. जोडाक्षरे आली की मात्र त्यांतले बरेचसे कमी पडतात, असा माझा अनुभव आहे.

मुळाक्षरे वीसच आहेत आणि ती ‘हानाचाराका’ या क्रमाने म्हटली की दंतकथेतल्या अजी साका या वीराच्या दोन सेवकांच्या झुंजीची गोष्ट तयार होते. (उच्चार ‘होनोचोरोको’ असा कानी पडेल, तेव्हा मुलाला आधीच कल्पना द्यावी.) क्रम त्यामुळे लवकर पाठ होतो, परंतु ‘हा’, ‘सा’, ‘पा’ आणि ‘या’ ही अक्षरे नवख्या डोळ्यांना सारखीच भासतात आणि तेथे जोड्या जुळवण्याच्या पत्त्यांचा फार उपयोग झाला.

पुढे मोबाइलवर चार पर्यायांतून एक निवडताना मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळत, पण मालिओबोरो रस्त्याच्या पाटीपाशी ती अडखळली. जावानीज लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि एक शब्द व्यंजनाने संपला की पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर त्यालाच जोडले जाते, म्हणून ‘जालान मालिओबोरो’ (जालान म्हणजे रस्ता) लिहिताना ‘न’खाली ‘म’ लोंबतो. या लोंबत्या रूपाला पासाङान म्हणतात. जावानीज लिपीप्रमाणे आपली देवनागरीही ब्राह्मीतूनच आलेली असल्याने जोडाक्षराची कल्पना मराठी मुलाला नवी नसते. दोन वेगळे शब्द असे एकमेकांत गुंतणे मात्र नवे असते, शिवाय का, ता, ला यांची पासाङाने मूळ अक्षरांवरून ओळखूही येत नाहीत.

म्हणून मी पुठ्ठ्याची अक्षरे कापली आणि पासाङान खाली टांगता यावे यासाठी कपड्यांचे चिमटे घेतले. मी ‘माङान ताहु’, म्हणजे ‘टोफू खाणे’, असे म्हणायचे आणि तिने ‘ना’ला चिमट्याने ‘ता’चे पासाङान लावायचे, असा खेळ रोज संध्याकाळी चाले. हा, सा, पा यांची पासाङाने खाली नव्हे तर उजवीकडे बसतात, हे ‘माङान साते’, म्हणजे ‘काडीवर भाजलेले मांस खाणे’, लावताना चिमटा हातात तसाच राहिला तेव्हा तिच्या पक्के ध्यानात आले.

मोबाइलवरचा खेळ घ्यायचाच असेल, तर बोटाने अक्षर गिरवायला लावणारा किंवा तुकड्यांतून शब्द बांधायला लावणारा घ्यावा, आणि त्यात पासाङान आहे का, हे आधी पाहावे.