गटात व्हॉइस चॅटची सक्ती करावी का?

प्रश्न : ताई, आमचा ऑनलाइन गेमचा पंचवीस-तीस जणांचा गट आहे. आठवड्यातून दोन रात्री मोठी रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून बलाढ्य शत्रूंशी करायची लढाई, असते. शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात ताकदवान शत्रू, काही केल्या पडत नाहीये. गटातले चार जण डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या व्हॉइस चॅनेलवर येतच नाहीत, खेळतात मात्र छान. त्यातली एक तर आमची सगळ्यात भरवशाची हीलर (सोबत्यांच्या जखमा भरून त्यांना जिवंत ठेवणारी) आहे. बाकीचे म्हणतात, जो व्हॉइसवर येत नाही त्याला काढा. मी गटप्रमुख आहे. तसा नियम करू का?
– एक गटप्रमुख

उत्तर : नियम जरूर करा, पण ऐकण्याचा करा, बोलण्याचा नको. रेड चालू असताना प्रत्येकाच्या कानाला हेडसेट असावा, ही अपेक्षा रास्त आहे. प्रत्येकाने माइकवर बोललंच पाहिजे, ही मला मुळीच मान्य नाही.

तुमच्या मंडळींची चिडचिड मला समजते. मी स्वतः बरीच वर्षं रेड चालवल्या आहेत. लढाईत दोन्ही हात गुंतलेले असतात. टाइप करायला थांबलं की पात्र जागच्या जागी उभं राहतं आणि मरतं. शिवाय आधी ठरलेलं सगळं लिहून सांगता येतं, ऐनवेळी बिघडलेलं नाही. टँक, म्हणजे बॉसचे वार स्वतःवर झेलणारा खेळाडू, अचानक पडला, आता बॉसला अंगावर कोणी घ्यायचं? मेलेल्याला उठवायची एकच संधी उरली आहे, ती कोणासाठी वापरायची? हे दोन-तीन सेकंदांत ठरतं, आणि चॅटमधलं वाचून होईपर्यंत अर्धा गट आडवा झालेला असतो. त्यामुळे ही सक्ती आजची नाही. २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम आला तेव्हा त्यातल्या मोठ्या रेड ४० जणांच्या असायच्या आणि गेममध्ये स्वतःचं व्हॉइस चॅटच नव्हतं. ते आलं २००७ मध्ये. तोवर गिल्ड (त्या गेममधले खेळाडूंचे गट) टीमस्पीक नाहीतर व्हेंट्रिलो या व्हॉइस चॅटच्या प्रोग्रॅमचे सर्व्हर भाड्याने घ्यायच्या आणि नव्या खेळाडूला आधीच बजावायच्या, की ते टाकल्याशिवाय रेडला यायचं नाही. २०१५ मध्ये डिस्कॉर्ड आलं, भाड्याची कटकट गेली, आणि अट घालणं आणखी सोपं झालं.

पण त्या ४० जणांत बोलणारे किती असायचे? रेड-लीडर, दोन टँक, हीलरांना सूचना देणारा एक, आणि बॉसचे मंत्र मध्येच तोडायची पाळी कोणाची ते पुकारणारा एखादा. बाकीच्यांनी माइक उघडले की कीबोर्डची खडखड, पंख्याची घरघर, कोणाचं तरी घरातल्या माणसाशी बोलणं, आणि नेमकं ‘डावीकडे पळा’ त्यात बुडून जातं. लढाई सुरू झाली की मी या चार-पाच जणांखेरीज सगळ्यांना म्यूट व्हायला सांगायचे. ज्यांना आपण स्वतःच गप्प बसवणार, त्यांना बोलत नाहीत म्हणून गटाबाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

आमच्याकडेही अशी एक हीलर होती. तिचा आवाज गटात कोणी ऐकलेला नव्हता. पण ती इतकं लक्ष देऊन ऐकायची की मी ‘मला वाचवा’ म्हणेपर्यंत माझी हेल्थ वर चढायला लागलेली असायची. तिचं-आमचं ठरलेलं होतं : तयार असेल तर चॅटमध्ये १, माना (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) संपत आला तर २, स्वतः मरणार असेल तर ३. आकडा दाबायला कितीसा वेळ लागतो! ती का बोलत नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. शेजारी लहान मूल झोपलेलं असेल, बोलताना अडखळत असेल, एकाच खोलीत चार माणसं असतील, किंवा आधीच्या एखाद्या गटात तिच्या आवाजावरून कोणी नको ते बोललं असेल. यातलं काहीही असलं तरी गटप्रमुखाला त्याचा खुलासा मागायचा अधिकार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या बॉसबद्दल. त्या चौघांमुळेच तो पडत नाही, हे तुम्ही तपासलंय का? शेवटच्या काही लढायांच्या नोंदी काढा आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा कोण मेलं ते बघा. तुमची हीलर त्या यादीत फारशी सापडणार नाही, असा माझा अंदाज आहे. ती सापडली नाही तर तिला काढून बॉस जास्त दिवस उभा राहील, एवढंच.

आवाजाचा एक फायदा मात्र मी नाकारणार नाही. २००७ साली संशोधक डिमिट्री विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या गिल्डवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गिल्डना मजकुराच्या जोडीला आवाज दिला, काहींना नुसत्या मजकुरावर ठेवलं. आवाज मिळालेल्यांमध्ये एकमेकांबद्दलची आपुलकी आणि विश्वास जास्त दिसला. मलाही हेच जाणवत आलंय. तेव्हा रेड नसलेल्या संध्याकाळी एक गप्पांचं चॅनेल उघडं ठेवा, ज्याला वाटेल तो येईल. हुकूम काढून ही आपुलकी येत नाही. कोणी कित्येक महिने नुसतं ऐकून मग एके दिवशी आपणहून बोलतं, कोणी कधीच बोलत नाही, आणि दोघंही गटाचेच असतात.

ज्याला ऐकूच येत नाही अशा खेळाडूसाठी तर ऐकण्याची सक्तीही शिथिल करा. महत्त्वाच्या सूचना पडद्याच्या मधोमध ठळक अक्षरांत टाकणारी ‘रेड वॉर्निंग’ची सोय वापरा. आधी कोणाला मारायचं त्याच्या डोक्यावर कवटीची खूण लावा. बॉसच्या हल्ल्यांची उलटी मोजणी दाखवणारे ॲड-ऑन (गेमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत, ते सगळ्यांनाच टाकायला सांगा. यातलं काहीच फक्त त्या एकासाठी नसतं. नेट अडखळून आवाज तुटला की हेच सगळ्यांच्या उपयोगी पडतं.

नियम चार ओळींत लिहून लावा : रेडच्या वेळी चॅनेलवर हजर राहून ऐकावं. बोलणं ऐच्छिक. लीडर, टँक आणि पाळी पुकारणाऱ्याची जबाबदारी घेणाऱ्याने मात्र बोलावं लागेल. ऐकण्यात अडचण असेल तर आधी कळवावं, कारण विचारलं जाणार नाही. आणि हे गटात घेतानाच सांगा. वर्षभर सोबत खेळलेल्या माणसावर मध्येच नवी अट लादू नका.

प्रश्न : नेमबाजीच्या गेममधल्या एका स्क्वॉडमध्ये (छोट्या चमूत) घेण्याआधी मला सांगितलं, ‘माइकवर बोलून दाखव, म्हणजे तू खरंच मुलगी आहेस का ते कळेल.’ बाकी कोणालाच ही अट नव्हती. काय करू?
– एक वाचक

उत्तर : बोलून दाखवू नका, आणि त्या स्क्वॉडमध्ये जाऊही नका. तुमचा नेम किती पक्का आहे, याच्याशी तुमच्या आवाजाचा काही संबंध नाही. ‘हॅलो ३’ या नेमबाजीच्या गेममध्ये आधी रेकॉर्ड केलेली तीच वाक्यं बाईच्या आणि पुरुषाच्या आवाजात ऐकवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाईच्या आवाजाला मिळालेले वाईट शेरे पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट होते. म्हणजे तुमच्याकडे जे मागितलं गेलं त्याची किंमत त्यांना नाही, तुम्हाला मोजावी लागते. चॅटमधली शिवी लेखी राहते, तोंडी शिवी सिद्ध करणं अवघड जातं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने २०२३ मध्ये बोलण्यावर लक्ष ठेवणारी टॉक्समॉड ही यंत्रणा आणली, ती याच अडचणीमुळे. तुम्हाला न बोलता खेळायचं असेल तर पिंगची (बटण दाबून सोबत्यांना खूण करायची) सोय चांगली असलेले गेम निवडा. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ‘एपेक्स लेजंड्स’मध्ये शत्रू कुठे आहे, कुठली बंदूक सापडली, कुठे जायचंय, हे सगळं एका बटणावर सांगता येतं आणि अनोळखी सोबत्यांबरोबरही डाव नीट जमतो.

प्रश्न : माझं नेट मर्यादित आहे. नुसतं ऐकायला किती डेटा जातो? आणि व्हॉइसवर गेलो की हेडसेटमध्ये गेमचा आवाज एकदम खराब का होतो?
– एक वाचक

उत्तर : डिस्कॉर्डचं चॅनेल मुळात सेकंदाला ६४ किलोबिटवर असतं. एक माणूस सलग तासभर बोलत राहिला तरी साधारण २९ एमबी होतात. कोणी बोलत नसताना आवाजाचा डेटा जात नाही. एकाच वेळी तिघं-चौघं बोलले तर तेवढ्या पटीने वाढतो. आवाज बिघडतो म्हणजे तुमचा हेडसेट बहुतेक ब्लूटूथचा आहे. त्याचा माइक चालू झाला की तो फोन-कॉलच्या हलक्या दर्जावर उतरतो आणि सगळंच बसकं ऐकू येतं. सेटिंगमध्ये इनपुट म्हणून हेडसेटऐवजी संगणकाचा स्वतःचा माइक निवडा आणि स्वतःला म्यूट करा. ऐकणं चालूच राहील.