गॉलवे : मुक्काम, जेवण आणि भटकंती (वाचकांचे प्रश्न)

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे या जुन्या बंदराच्या शहराविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचा मुक्काम डब्लिनमध्ये आहे. तेथून सकाळी निघून गॉलवे पाहून रात्री परतता येईल का?

उत्तर : परतता येईल, परंतु शहर पाहून झाले असे म्हणता येणार नाही. दोन्ही शहरांमधील अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून सुटणारी रेल्वे गॉलवेला पोहोचायला साधारण अडीच तास घेते, म्हणजे दिवसातले पाच तास प्रवासातच जातात. एकदिवसीय सहलींच्या बसगाड्या तर बहुधा मोहरचे कडे (समुद्रकाठचे उंच सरळ कडे) आणि गॉलवे एकाच दिवसात उरकतात, त्यामुळे शहराच्या वाट्याला जेमतेम दुपारचा एखादा तास येतो. गॉलवे खऱ्या अर्थाने जागे होते ते संध्याकाळी, आणि नेमक्या त्याच वेळी सहलीची बस परतीच्या रस्त्याला लागलेली असते. म्हणून किमान दोन रात्री येथे काढाव्यात, आणि शक्य असेल तर डब्लिन विमानतळावरून सुटणाऱ्या थेट बसने आधी गॉलवे गाठून डब्लिन शेवटी ठेवावे, असे आम्ही सुचवू.

जुने शहर पायीच पाहायचे असते. रेल्वे स्थानक आयर स्क्वेअर या मुख्य चौकाला लागूनच आहे आणि तेथून समुद्राच्या दिशेने उतरत गेले की शॉप स्ट्रीट, हाय स्ट्रीट आणि की स्ट्रीट हे रस्ते एकापुढे एक येतात. मध्ययुगात या शहराचा कारभार चौदा व्यापारी घराण्यांच्या हाती होता. त्यांपैकी लिंच घराण्याची दगडी हवेली शॉप स्ट्रीटवर उभी आहे. तिच्यात आज बँकेची शाखा असली तरी बाहेरच्या भिंतीवरील कोरीवकाम थांबून पाहण्यासारखे आहे. जवळच सुमारे १३२० साली बांधलेले सेंट निकोलस चर्च असून तेथे आजही प्रार्थना होते. कोलंबसाने १४७७ साली येथे प्रार्थना केली, असे परंपरेने सांगितले जाते. दर शनिवारी चर्चच्या कडेला भरणारा बाजार चुकवू नये.

नदीच्या मुखाशी असलेली स्पॅनिश आर्च पाहून अनेक प्रवासी हिरमुसतात, कारण छायाचित्रांवरून त्यांनी काहीतरी भव्य कल्पिलेले असते. ही कमान म्हणजे १५८४ साली धक्क्यांच्या रक्षणासाठी वाढवलेल्या तटबंदीचा उरलेला तुकडा आहे. १७५५ साली लिस्बनच्या भूकंपानंतर उसळलेल्या लाटांनी तिचे नुकसान केले होते. खरे पाहण्यासारखे आहे ते कमानीपेक्षा तिच्याभोवतीचे दृश्य. वेगाने समुद्राकडे धावणारी कॉरिब नदी, पलीकडच्या काठावर क्लॅडा हा जुन्या कोळ्यांचा भाग, आणि ऊन पडताच गवतावर येऊन बसलेले अर्धे शहर, हे सारे तेथे एका नजरेत येते. क्लॅडामधील गवताने शाकारलेली घरे १९३० च्या दशकात पाडली गेली. दोन हातांनी धरलेले हृदय आणि त्यावर मुकुट अशा घडणीच्या अंगठीमुळे या वस्तीचे नाव मात्र जगभर पोहोचले. तेथूनच पुढे चालत सॉल्टहिलचा समुद्रकिनारी फिरण्याचा रस्ता गाठता येतो. त्याच्या टोकाला पोहोचल्यावर भिंतीला पायाने हलकेच ठोकर मारून परत फिरण्याची स्थानिकांची रीत आहे. तुम्हीही ती पाळावी, कोणी हसणार नाही.

घुमटाचे भव्य कॅथेड्रल प्राचीन वाटते, परंतु ते १९६५ साली पूर्ण झाले आणि जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभे आहे. ते पाहायला गेलात तर शेजारच्या पुलावरही थांबा. उन्हाळ्यात तेथून खालच्या स्वच्छ पाण्यात सामन मासे दिसतात.

प्रश्न : जुलैअखेरीस जाण्याचा विचार आहे, पण निवासाचे दर पाहून धक्का बसला. स्वस्त आणि सोयीची जागा कोणती?

उत्तर : जागेचा विचार करण्याआधी तारखा बदलता येतात का ते पाहावे. गॉलवेतील निवासाचे दर हॉटेलच्या दर्जापेक्षा तारखांवर अधिक अवलंबून असतात. जुलैमध्ये दोन आठवड्यांचा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव असतो आणि तो संपतो न संपतो तोच, जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या आरंभी, बॅलीब्रिटच्या मैदानावर सात दिवस घोड्यांच्या शर्यती चालतात. या शर्यतींना १८६९ सालापासूनची परंपरा आहे आणि त्यांच्यासाठी देशभरातून माणसे लोटतात. सप्टेंबरअखेर कालव महोत्सव असतो, तेव्हाही हीच गत होते. ज्यांना यांपैकी कशातच रस नाही त्यांनी मे महिना किंवा जूनचा पूर्वार्ध निवडावा. दर तुलनेने हलके असतात आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत असल्यामुळे दिवस भरपूर मिळतो. डिसेंबरमध्ये मात्र साडेचारच्या आतच सूर्यास्त होतो, हे स्वस्त दरांना भुलण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

आता जागेविषयी. की स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांतील खोल्या मोक्याच्या असतात, परंतु खाली पब असतील तर मध्यरात्रीनंतरही झोप लागणे कठीण होते. आरक्षण करताना मागच्या बाजूची खोली मागून घ्यावी. आयर स्क्वेअरभोवती मोठी हॉटेले आहेत. त्यांपैकी स्थानकालगतचे दगडी हॉटेल रेल्वेच्या आगमनाच्या काळातले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे आहे. आमची पसंती मात्र न्याहारीसह खोली देणाऱ्या घरगुती निवासांना आहे. स्थानकापासून चालत जाण्याजोग्या कॉलेज रोडवर अशी घरे ओळीने आहेत आणि सॉल्टहिलमध्येही बरीच सापडतात. ही घरे बहुधा दुमजली असतात आणि त्यांत लिफ्ट नसते. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर तळमजल्यावरची खोली आधीच मागावी. विद्यापीठाच्या वसतिगृहांतील स्वयंपाकघरासह घरेही उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रवाशांना भाड्याने दिली जातात. चार-पाच जणांच्या कुटुंबाला तो पर्याय परवडतो.

प्रश्न : आमच्यापैकी दोघे पूर्ण शाकाहारी आहेत, तर इतरांना मासे आवडतात. सर्वांची सोय एकत्र होईल का?

उत्तर : होईल, पण विचारण्याचा संकोच करू नये. युरोपीय नियमांनुसार आयर्लंडमधील उपाहारगृहांना चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. त्यांत मासे, कवचधारी जलचर आणि अंडी यांचा समावेश असल्यामुळे पदार्थपत्रिकेवरील आकडे किंवा खुणा शाकाहाऱ्यांच्याही कामी येतात. मांस मात्र त्या यादीत नाही, म्हणून भाज्यांचे सूप कोंबडीच्या अर्कात केले आहे का, हे तोंडीच विचारावे लागते. सकाळच्या भरगच्च आयरिश न्याहारीत डुकराचे मांस ठिकठिकाणी असते. ताटातली काळी गोल चकती ही रक्त घालून केलेले ‘ब्लॅक पुडिंग’ असते. घरगुती निवासात आदल्या रात्री सांगून ठेवले तर अंडी, मशरूम, टोमॅटो, पॉरिज आणि सोडा ब्रेड अशी न्याहारी सहज मिळते.

मत्स्याहारींची मात्र येथे चंगळ आहे. मासे व शिंपल्यांचे दाट, सायीसारखे चाउडर आणि सोबत लोणी लावलेला तपकिरी सोडा ब्रेड हे दुपारचे पोटभर जेवण ठरते आणि रात्रीच्या जेवणाच्या मानाने ते पुष्कळ स्वस्त पडते. गॉलवेच्या उपसागरातील मूळ जातीची चपटी कालवे सप्टेंबर ते एप्रिल या काळात मिळतात. ती कच्चीच खाल्ली जातात, त्यामुळे पोट नाजूक असलेल्यांनी चाउडरवरच थांबावे. पबमधील स्वयंपाकघरे रात्री नऊच्या सुमारास बंद होऊ लागतात. दहा वाजता जेवायला निघण्याची सवय असलेल्यांची येथे उपासमार होते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असून मागितल्यास मोफत मिळते. बिलात सेवाशुल्क लावलेले नसेल तर सुमारे दहा टक्के बक्षिसी ठेवण्याची पद्धत आहे, पण सक्ती नाही.

प्रश्न : लहान मुलांना घेऊन पबमधील आयरिश संगीत ऐकता येते का?

उत्तर : पालकांसोबत मुलांना आत जाता येते, परंतु कायद्यानुसार त्यांना रात्री नऊनंतर, आणि मे ते सप्टेंबर या काळात दहानंतर, बारमध्ये थांबता येत नाही. संगीताच्या मुख्य बैठका साधारण त्याच सुमारास रंगू लागतात. त्यामुळे दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी बैठक असलेला पब शोधावा. शॉप स्ट्रीटवर दिवसा वाजवणारे रस्त्यावरचे कलाकारही मुलांना रमवतात.

प्रश्न : एकच दिवस हाताशी असेल तर अरन बेटे पाहावीत की मोहरचे कडे?

उत्तर : मोहरचे कडे आठ किलोमीटर पसरलेले असून सर्वाधिक उंचीच्या ठिकाणी २१४ मीटर आहेत. ते भव्य आहेत यात शंका नाही, पण दुपारी तेथे बसगाड्यांची रांग लागते. आम्ही इनिश मोर हे सर्वांत मोठे अरन बेट निवडू. सायकल भाड्याने घेऊन दगडी बांधांमधून डून एंगसपर्यंत जावे. समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंचीच्या कड्यावरील या प्रागैतिहासिक किल्ल्याची एक बाजू थेट पोकळीत उघडते आणि त्या कडेला कठडा नाही, म्हणून मुलांचा हात सोडू नये. वर्षभर चालणारी बोट शहराच्या पश्चिमेला सुमारे ३७ किलोमीटरवर असलेल्या रोसाव्हील बंदरातून सुटते आणि तेथे जाण्यासाठी शहरातून जोडबस मिळते. शहराच्या धक्क्यावरून सुटणारी बोट फक्त हंगामात असते. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, तेव्हा बेटाचा दिवस मुक्कामाच्या शेवटी ठेवू नये. छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घ्यावा, कारण अटलांटिकवरचा वारा पाऊस आडवा मारतो.

प्रश्न : आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. तो आयर्लंडसाठी चालेल का?

उत्तर : चालणार नाही. आयर्लंडचे चलन युरो असले तरी तो देश शेंगेन क्षेत्रात नाही. भारतीय पारपत्रधारकांना आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो.