पोरगं ड्रग्जच्या कथा लिहितं, म्हणजे ते घेतं का?

हा प्रश्न पालकांकडून आता फार येतो. पोरगं रात्र रात्र मोबाइलवर क्राइमच्या कथा वाचतं, सिरीज बघतं, त्यात सगळी पावडर, पेडलर, गँग अन् शिव्या, मग घरच्यांच्या पोटात गोळा येतो की आपलं लेकरूही यातच आहे का. मी सरळ सांगते, अशा कथांची आवड हे व्यसनाचं लक्षण नाही. पण नुसतं काळजी करू नका म्हणून भागत नाही, म्हणून एक केस सांगते, परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय.

नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एक काकू आल्या आणि मुलाची कथांची वहीच टेबलावर ठेवली. "हे वाचा जी मॅडम, चांगल्या घरचं पोरगं असं लिहिते का? हातचं गेलं माझं पोरगं." मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. काकूंनी औषधाच्या दुकानातून लघवीच्या टेस्टची किटपण आणली होती, झोपेतून उठल्या उठल्या करायला लावणार होत्या. मी म्हटलं काकू, ती राहू द्या पिशवीतच, बाजारातल्या बऱ्याच साध्या किटमध्ये एमडी म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर सापडतच नाही, निगेटिव्ह आली तर तुम्ही उगाच निश्चिंत व्हाल अन् पोराचा विश्वास जाईल तो वेगळाच. वही मी उघडली नाही. त्यालाच पाठवा म्हटलं.

तो आला, आधी रागात होता, आईनं वही चोरली म्हणून, आणि ते बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं तूच वाचून दाखव मग. नागपूरचीच कथा, रात्रीची बर्डीची बाजारपेठ, फुटाळा तलावावर लागलेल्या बाईक, एमडीच्या पुड्या, एक हवालदार, एक खून. खून आणि गोळीबार सिरीजमधून उचललेले वाटत होते. पण त्यात एक पोरगा होता, तो दोन रात्री जागतो मग दिवसभर मेल्यासारखा झोपतो, जबडा सारखा आवळतो म्हणून तोंडात कायम च्युइंगम, आईनं वाढलेलं ताट तसंच, पँट कमरेवर राहत नाही, आणि नाकातून रक्त आलं की म्हणतो, ऊन लागलं, घोळणा फुटला. आपल्याकडे मे महिन्यात कोणाचाही घोळणा फुटतो, कोण संशय घेणार? हे कुठल्या सिरीजमधलं नव्हतं, जवळून बघितल्याशिवाय असं सुचत नाही.

तू घेतो का, असं मी विचारलंच नाही. विचारलं, हा पोरगा घरी कोणालाच काही सांगत का नाही? बराच वेळ गप्प होता, मग म्हणे, "सांगितलं तर पोलीस उचलतीन ना त्याले." आणि रडायलाच लागला. तो स्वतः घेत नव्हता, शाळेपासूनचा मित्र घेत होता, आणि हा एकटा ते मनात घेऊन फिरत होता कितीतरी दिवस.

ही भीती फार पोरांना असते म्हणून नीट सांगते. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा 1985चा, एमडी त्यात 2015 साली आलं, घेणं हाही गुन्हाच आहे. पण त्याच कायद्यात कलम 64-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. शिवाय 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, वाचलेल्या सगळ्या कथांत व्यसनी पोरगा एकतर जेलात जातो नाहीतर मरतो, ओपीडीत गेलेला कोणी दाखवतच नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग त्यानं मित्राच्या मोठ्या भावाला सांगितलं, माझ्यासमोर बसूनच फोन केला. भाऊ आधी म्हणे खोलीत कोंडतो साल्याला आठ दिवस. मी त्याला कळकळीनं सांगितलं की असं करू नका, एमडी सुटल्यावर मन इतकं खचतं की जीव द्यायचे विचार येऊ शकतात, अशा वेळी त्याला एकटं ठेवायचंच नाही, मानसोपचाराच्या ओपीडीत न्या. नेलं त्यानं. मध्ये एका लग्नात तो मित्र घसरला, परत घ्यायला लागला, पण भावानं मारलं नाही, पुन्हा तारखेला घेऊन गेला आणि आता उपचार सुरू आहेत.

काकूंनी शेवटी विचारलं, "मग लिहू देऊ का त्याले?" मी म्हटलं द्या की, आणि त्यानं स्वतःहून दाखवलं तर वाचा, शिव्या सोडून वाचा, कथेतलं पोरगं असं का वागते रे एवढंच विचारा. झोप, जेवण, वजन, पैसा यात खरंच फरक दिसला तर मात्र वही-बिही शोधत बसू नका, 14446 ही सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.